मदत हवी आहे: गाठीचा ताजा तुकडा लॅबला देता येतो का?

मावशीचं ओव्हरीच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, इथेच पुण्यात. गाठीतल्या जिवंत पेशी लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर वेगवेगळी औषधं टाकून बघतात म्हणे, ऑर्गनॉइड म्हणतात त्याला, पण फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवून ठेवायचं रसायन) टाकलं की पेशी मरतात आणि मग त्याच्या मेणात बसवलेल्या ब्लॉकवर स्टेनिंग (रंग देऊन तपासणी), जीन टेस्ट एवढंच होतं, म्हणजे जे ठरवायचं ते ऑपरेशनच्या आधीच ना? एनसीसीएस (पेशींवर संशोधन करणारी सरकारी संस्था) पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे पण ते थेट पेशंटकडून टिश्यू घेतात का, की हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीतूनच जावं लागतं? सीटीआरआयच्या (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंद ठेवणाऱ्या) साइटवर ट्रायल शोधतोय, डोकं चक्रावलंय. कुणी यातून गेलंय का? सर्जनला नेमकं काय विचारू? हळद-गोमूत्राचे फॉरवर्ड नकोत प्लीज, ते मामा रोज पाठवतोच.