काचो ए पेपे: दोघांसाठी जमतो, सहा जणांना केला की चीजचा गोळा होतो

ताकभात:
मदत हवी आहे. रोमकडचा काचो ए पेपे, म्हणजे पेकोरिनो रोमानो चीज, काळी मिरी आणि पास्ता, बस्स. दोघांपुरता केला की सॉस नीट धरतो, शेवटच्या घासापर्यंत दुधाळ राहतो. तीच कृती तिप्पट केली की चीज एकदम आकसतं, चिमट्याला रबरासारखा गोळा चिकटतो आणि तळाशी पांढुरकं पाणी उरतं. दोनदा असंच झालं.

केलं ते असं: स्पगेटी ५०० ग्रॅम, पाणी ६ लिटर, मीठ ६० ग्रॅम. पेकोरिनो ३३० ग्रॅम, तुकडा आणून जाड किसणीवर किसलेलं. मिरी १२ ग्रॅम, कोरडी भाजून भरड कुटलेली. बिडाच्या मोठ्या कढईत मिरीवर पास्त्याचं पाणी, त्यात पास्ता, गॅस बंद, आणि लगेच सगळं चीज.

चूक चीजमध्ये आहे, पाण्यात की कढईत? थोडं क्रीम घातलं तर वाचेल का? आणि सहापैकी एक जण पक्के शाकाहारी आहेत, त्यांना चालेल ना? रविवारी पंगत आहे.

किसणी:
तिन्हीत आहे, पण मोठा वाटा कढईचा. बीड उष्णता धरून बसतं, गॅस बंद झालाय हे त्याला बराच वेळ कळतच नाही. दोघांचा पास्ता पातळ बुडाच्या भांड्यात ढवळता ढवळताच निवतो. ५०० ग्रॅम पास्ता शिजून किलोच्या वर जातो, आणि एवढा ढीग वरून वाफ कमी झाली तरी आतून कढतच असतो. पेकोरिनोला साधारण ६५ अंशांपर्यंत सोसतं. त्यापुढे त्यातली प्रथिनं एकमेकांना धरायला लागतात, गोळा घट्ट होतो, पाणी आणि स्निग्धांश बाहेर पडतात. तुमच्या तळाशी राहिलेलं पांढुरकं पाणी तेच.

आता पाणी. कढीला बेसन का लावतो? ताक फुटू नये म्हणून. पिठातला स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना गोळा होऊ देत नाही. काचो ए पेपेत बेसनाचं काम पास्त्याची पेज करते. तुम्ही ५०० ग्रॅमला ६ लिटर पाणी घेतलंत, त्यामुळे पेज नळाच्या पाण्याइतकी पातळ झाली. ३ लिटर पुरे. स्पगेटी सुरुवातीला एकदोनदा हलवावी लागेल, इतकंच. शिजल्यावर पाणी गढूळ आणि बोटाला किंचित बुळबुळीत लागलं पाहिजे.

मीठही कमी करा. लिटरला १० ग्रॅम हे टोमॅटोच्या सॉसला ठीक. पेकोरिनो मुळातच खारट असतं, ३ लिटरला १५ ते १८ ग्रॅमच्या वर जाऊ नका.

किसणीची बाजू बदला. आपण जायफळ किसतो त्या बारीक बाजूने किसा, चीज भुरभुरीत झालं पाहिजे. जाड कीस बाहेरून वितळतो, आत घट्ट राहतो, आणि तो आतून मऊ होईपर्यंत बाहेरचा थर गोळा व्हायला लागलेला असतो. तुकडा फ्रीजमधून काढून थंडच किसा, पण कीस वापरण्याआधी अर्धा तास बाहेर राहू द्या. आयतं किसलेलं टाळलंत ते बरं केलंत, त्याला चिकटू नये म्हणून बऱ्याचदा सेल्युलोज लावलेलं असतं.

क्रीमने गोळा थोडा कमी होईल, पण पेकोरिनोची धार मरते आणि काहीतरी पांढरं, गोडसर हाती येतं. त्यापेक्षा खाली कोणीतरी स्टार्चची रीत सांगेलच.

शेवगा:
फक्त शाकाहाराबद्दल. पेकोरिनो रोमानो शाकाहारी नाही. ते नाव लावायचं तर मेंढीच्या दुधाला कोकराच्या पोटातल्या रेनेटचंच विरजण लागतं, हा त्या डीओपी नावाचा (म्हणजे ठरावीक प्रदेशापुरत्या राखीव नावाचा) नियम आहे. पार्मिजानो रेज्जानोचंही तेच, तिथे वासराचं रेनेट. पाहुण्यांना आधी सांगा, जेवताना नको. त्यांच्यापुरतं मायक्रोबियल, म्हणजे प्राण्याऐवजी सूक्ष्मजीवांपासून केलेल्या, रेनेटचं मुरलेलं कडक चीज आणा. भारतात असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका बघा, बाहेर असाल तर घटकांची यादी वाचा. आणि ताजे तोन्नारेल्ली (स्पगेटीसारखाच, पण जाड पास्ता) घेणार असाल तर त्यात बहुधा अंडं असतं. सुकी स्पगेटी रवाळ गहू आणि पाण्याची असते, ती चालेल.

भरड_मिरी:
मी सांगतो ती स्टार्चची रीत. २०२५ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने याच सॉसवर 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात निबंध लिहिला, त्यावर त्यांना त्या वर्षीचं भौतिकशास्त्राचं इग नोबेलही (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं. हसू येतं खरं, पण माप उपयोगाचं आहे. स्टार्च चीजच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी असेल तर तापल्यावर गोळे होतात (त्याला त्यांनी मोझरेला अवस्था म्हटलंय, तुमच्या चिमट्याला चिकटली ती). २ ते ३ टक्के असेल तर सॉस टिकतो. ४ टक्क्यांच्या वर गेलं की निवताना थिजतो. पेजेत स्टार्च किती उतरला हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून तो मोजून वेगळा घालायचा.

त्यांची कृती २४० ग्रॅम पास्ता आणि १६० ग्रॅम पेकोरिनोची आहे. सहा जणांना माणशी ८० ग्रॅम धरलं तर ४८० ग्रॅम होतो, म्हणजे बरोबर दुप्पट. पाकिटात २० ग्रॅम उरेल, उरू द्या.

८ ग्रॅम कॉर्नफ्लोअर (सपाट टेबलस्पून एक) ८० मिली थंड पाण्यात विरघळवा. मंद आचेवर ढवळत राहा, एक-दोन मिनिटांत कपड्यांच्या खळीसारखं पारदर्शक आणि घट्ट होईल. पांढरेपणा गेला नसेल तर पीठ शिजलेलं नाही, आणि कच्च्या पिठाचा काही उपयोग नाही. उतरवून लगेच १६० मिली थंड पाणी घाला. आता ते कोमट झालं असेल. हे आणि ३२० ग्रॅम किसलेलं पेकोरिनो मिक्सरच्या मधल्या भांड्यात घालून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलंत तर पातं तापवतं. इडलीच्या पिठाएवढं सैल, गुळगुळीत झालं की झालं.

पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी काढा. निथळण्याआधी दोन मोठे कप पेज बाजूला ठेवा. पास्ता रुंद स्टीलच्या पातेल्यात घ्या, मिरी घाला, हलवत एक मिनिट वाफ जाऊ द्या, मग सॉस ओता. घट्ट वाटला तर पेज, एका वेळी दोन चमचे.

पायरीवर:
वरची रीत चालते, पण मला ती पटत नाही. कॉर्नफ्लोअरने सॉस टिकतो आणि जिभेवर किंचित गुळगुळीत पडदाही बसतो. जुनी रीत जमत नाही म्हणून पळवाट कशाला? तिप्पट एकदम करू नका, दोघांचे तीन घाणे करा. पापड सहा जणांचे एकदम भाजतो का आपण?

एका घाण्याला १६० ग्रॅम पास्ता, ११० ग्रॅम पेकोरिनो. पास्ता शिजायच्या चार मिनिटं आधी एक वाटी पेज काढून ताटलीत पसरा, ती निवते. दही लावायच्या दुधापेक्षा जरा गरम असताना तिच्यातली ५० मिली वेगळ्या वाडग्यातल्या चीजमध्ये थोडी थोडी घालत डावाने घोटा, ओल्या चटणीसारखं झालं पाहिजे. हे कढईत करायचंच नाही. पास्ता दोन मिनिटं आधी काढून मिरी आणि एक डाव पेजेबरोबर पातळ पॅनमध्ये शिजवून घ्या, त्यातच स्टार्च आटून दाट होतो. पॅन विस्तवावरून खाली, मिनिटभर थांबा, मग घोटलेलं चीज. पॅन हिसके देऊन हलवा, पास्ता उलटापालटा झाला पाहिजे.

एका घाण्याला तीन-चार मिनिटं. पहिले दोघं जेवायला लागतील, चालतं.

भरड_मिरी:
सहा जण एकत्र बसणार असतील तर नाही चालत. शेवटचे दोघं येईपर्यंत पहिल्यांच्या ताटात सॉस थिजलेला असेल. आणि ११० ग्रॅमला ५० मिली पेजेत स्टार्च किती आहे हे कोण सांगणार? तुमचा हात बसलेला आहे म्हणून जमतं. जिला रविवारीच पानं वाढायची आहेत तिला तोलाचंच माप बरं.

पायरीवर:
हात बसल्याशिवाय कशाला पाहुण्यांना बोलवा, असंही म्हणता येईल :) पण ठीक, सहाच्या पंगतीला तुमची रीत. चवीचा मुद्दा मी सोडत नाही.

ताकभात:
दोघांचेही आभार. आता शंका. थर्मामीटर नाहीये, ६५ अंश कसं ओळखायचं? आमच्याकडे दुकानात कॉर्नफ्लोअर आणि कॉर्नस्टार्च असं वेगवेगळं मिळतं, कुठलं? आणि सॉस शनिवारी करून फ्रीजमध्ये ठेवला तर?

किसणी:
भांड्याला बाहेरून बोट लावा. चटका बसून हात आपोआप मागे आला तर अजून थांबा. क्षणभर ठेवता आलं, मग नको वाटलं, तर घाला. स्टीलच्या पातळ भांड्याचं हे कळतं, बिडाचं कळत नाही, म्हणून कढई रविवारी बाहेर काढूच नका. स्टार्चच्या रीतीत तसंही इतकं काटेकोर राहावं लागत नाही. तो सॉस जास्त आच सोसतो, फक्त उकळू देऊ नका.

अमेरिकेत असाल तर कॉर्नस्टार्च घ्या. तिकडे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं बारीक दळलेलं पिवळसर पीठ, त्याची खळ होत नाही, चिखल होतो. भारतातलं पांढरं, बोटांत चुरचुरणारं कॉर्नफ्लोअर म्हणजे स्टार्चच. बटाट्याचा स्टार्चही त्याच मापाने चालतो.

सुंठसाखर:
मिरीबद्दल कोणी बोललंच नाही, नावात अर्धी ती आहे. १२ ग्रॅम बरोबर. मंद आचेवर कोरडी भाजा, वास सुटला की लगेच खाली, धूर आला तर कडू होते. मग खलबत्त्यात. मिक्सरमध्ये निम्मी पूड आणि निम्मी अख्खी राहते, पूड सॉस करडा करते. तीन भाग करा: एक पास्त्यात, एक सॉस मिसळल्यावर, एक ताटात वरून. मलबारची टपोरी तेलिचेरी मिळाली तर उत्तम. प्राचीन रोमला मिरी त्याच किनाऱ्यावरून जात होती, तेव्हा हक्काने घ्या.

दुसरं, सहा जणांना स्पगेटीऐवजी रिगातोनी, म्हणजे आखूड नळ्यांचा पास्ता, करा. रोममध्ये काचो ए पेपे रिगातोनीचाही करतात. लांब पास्त्याचा अर्धा किलोचा ढीग चिमट्याने उलटवताना मधला भाग कोरडाच राहतो. नळ्या मोठ्या डावानेही एकसारख्या कालवता येतात आणि सॉस आत भरतो. पृष्ठभाग खरखरीत, पिठूळ दिसणारा घ्या. पितळेच्या साच्यातून काढलेला पास्ता तसा असतो. चकचकीत पिवळ्यावर सॉस घसरतो.

मेथीची_जुडी:
दोन क्यूब प्रोसेस्ड चीज टाकलं तर? आमच्याकडे गोळा होत नाही.

भरड_मिरी:
होणारच नाही, त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घातलेलेच असतात, ते प्रथिनांना मोकळं ठेवतात. पोत सुरेख येईल. चव मात्र टोस्टवरच्या चीजची येईल, आणि पेकोरिनोला एवढे पैसे मोजून ती कशाला?

ताकभात, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. सॉस आदल्या दिवशी करता येतो. हवाबंद डब्यात, वर प्लास्टिकचा कागद सॉसला टेकवून, म्हणजे साय धरत नाही. फ्रीजमध्ये तो खरवसासारखा घट्ट होईल, घाबरू नका. रविवारी दोन तास आधी बाहेर काढा, तीन-चार चमचे कोमट पाणी घालून घोटा. मिरी मात्र त्याच दिवशी भाजा.

आणि ताटं गरम करा. पास्त्याच्या उकळत्या पाण्यातलं एकेक डाव ताटात ओतून फिरवायचं, फेकायचं, पुसायचं. थंड चिनी मातीवर हा सॉस दोन मिनिटांत बसतो.

ताकभात:
समजलं. रिगातोनी, ३ लिटर पाणी, स्टीलचं पातेलं, ८ ग्रॅम स्टार्च. शाकाहारी पान वेगळ्या चीजचं, आधी काढून. शेवटचं एकच: एवढं करूनही गोळा व्हायला लागला तर?

पायरीवर:
दिसताक्षणी भांडं खाली, ढवळणं थांबवा. ढवळत राहिलात की तार लांबते आणि गोळा घट्ट होतो. नुसते बारीक कण दिसत असतील तर अर्धी वाटी कोमट पेज घालून भांडं हिसके देत हलवा, बऱ्याचदा परत येतो. तार धरलेला गोळा असेल तर तो उचलून मिक्सरमध्ये, १०० मिली कोमट पाणी आणि थोडी खळ (हो, कॉर्नफ्लोअरचीच), फिरवून परत ओता. पहिल्यासारखा रेशमी होत नाही, जरा रवाळ राहतो, पण वाढता येतो. म्हणून खळ करताना चार चमचे जास्त करून वाटीत झाकून ठेवा.

भरड_मिरी:
बघा, आलात ना खळीवर.

पायरीवर:
औषध म्हणून. जेवण म्हणून नाही.