खाणीवरच्या मेसनांचं 'लॉज': मराठीत काय लिहावं?

सोनचाफा: अमेरिकेत माँटानातल्या बॅनक या सोनं सापडलेल्या वस्तीवरचा लेख मराठीत आणतेय. १८६२च्या नोव्हेंबरात तिथला विल्यम बेल तापाने गेला. तो मेसन, म्हणजे फ्रीमेसन या दीक्षा देणाऱ्या बंधुसंघातला. मला मेसनांच्या रीतीनं पुरा, अशी त्याची शेवटची इच्छा. नॅथॅनियल लँगफर्ड या दुसऱ्या मेसनाने बोलावणं फिरवलं आणि ७६ जण जमले! मेसनांच्या स्थानिक शाखेला मी सगळीकडे 'लॉज' ठेवलं होतं. संपादक म्हणतात, वाचकाला भाड्याच्या खोल्या आठवतील, 'मठ' करा. कुदळ-फावडं घेऊन आलेल्यांचा मठ? मला पटत नाही.

रानवारा: 'जादूघर' आहे की! आजोबा जबलपूरला रेल्वेत होते, ते हाच शब्द वापरायचे. आत काय चालतं ते बाहेर कळत नाही, म्हणून जादू.

खडीसाखर: 'घर' नकोच. बेलला पुरलं तेव्हा बॅनकमध्ये रीतसर लॉज नव्हतंच. पुढे नेब्रास्काच्या मेसनांकडून लॉज काढायची परवानगी येईतो बरीच मंडळी ॲल्डर गल्चला नवं सोनं शोधायला निघून गेली होती. नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटीत तर सभागृह जळालं म्हणून १८७५च्या सप्टेंबरात माउंट डेव्हिडसनच्या माथ्यावर सभा भरवली, भोवती पहारे ठेवून. माणसं जमली की लॉज. 'मंडळ' लिहा.

अक्षवाट: मंडळ गणपतीचंही असतं. इथे दीक्षा आहे, गुरू आहे, आपल्यांना ओळखायच्या खुणा आहेत. आखाडा! मुळात 'अक्षवाट' म्हणजे खेळाची जागा. पुढे पैलवान आले, साधूही आले, शब्दाने सगळ्यांना सामावून घेतलं. आणि 'मेसन' तरी का ठेवता? 'फ्रीमेसन'चं शब्दशः 'मुक्त गवंडी' म्हणा. पोर्तुगीजांनी 'पेद्रेइरु लिव्र' म्हणजे तेच केलं.

रानवारा: मुक्त गवंडी वाचून मला मजूर अड्डा दिसतो.

खडीसाखर: शिवाय पाथरवट की गवंडी, हा वेगळाच वाद. मूळ कारागीर दगड घडवणारे.

दुपारचा_चहा: मुंबईत १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं, भारतीय माणसांना प्रवेश मिळावा म्हणून. लॉज आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांहून जुनं आहे. पहिल्यांदा 'मेसन लॉज' लिहा, मग नुसतं 'लॉज'. वाचक इतका भाबडा नसतो. अनोळखी, लुटारूंनी भरलेल्या मुलखात कुणावर विश्वास टाकायचा हे ज्या नात्यामुळे ठरायचं, त्याला आपण नवा मुखवटा का चढवायचा?

अक्षवाट: लेखन मराठीत करायचं तर मराठी शब्दाला मुखवटा म्हणू नये.

सोनचाफा: मेसनांच्या दफनविधीत थडग्यात टाकायच्या हिरव्या डहाळीचं काय करू? विधीत मूळ अकेशिया आहे. बाभूळ लिहू?

खडीसाखर: माँटानात कुठली बाभूळ? तिथे पाइन, ज्युनिपर. 'सदाहरित डहाळी' बरोबर.

रानवारा: 'सदाहरित' भूगोलाच्या पुस्तकातला आहे. थडग्यापाशी उभा असलेला माणूस 'हिरवी डहाळी' म्हणेल.

अक्षवाट: पण कायम हिरवी राहणारी, हाच तर त्या विधीचा अर्थ. तो 'हिरवी'त कुठे येतो?