सैनिकाच्या हेल्मेटवरचा डिजिटल चष्मा नेमका कुठे अडला?

रानपाखरू:
अमेरिकन आर्मीच्या आयव्हॅसबद्दल, म्हणजे सैनिकाच्या हेल्मेटवर लावायच्या डिजिटल चष्म्याबद्दल वाचतोय. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टला १० वर्षांसाठी जवळपास २२ अब्ज डॉलरपर्यंतचं काम मिळालं, १ लाख २० हजारांपर्यंत चष्मे, आणि २०२५ मध्ये तेच काम अँडुरिल या संरक्षण कंपनीकडे गेलं. नकाशा, आपली माणसं कुठंयत, अंधारातलं चित्र, सगळं डोळ्यासमोर. कल्पना भारी आहे, मग अडलं कुठं?

सह्यकडा:
डोळ्यांवरच अडलं की. २०२२ च्या चाचणीत जवानांना डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांवर ताण, आणि ज्यांना त्रास झाला त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त जणांना तो ३ तासांच्या आतच सुरू झाला. मायक्रोसॉफ्टच्या ज्या चष्म्यावरून हा बनवला तो मूळ होलोलेन्स ऑफिसात कारखान्यात वापरायचा, इथे चिखलात पालथं पडून बंदुकीला गाल लावायचाय. शिवाय स्क्रीनचा उजेड रात्री लांबून दिसतो अशी तक्रार होती, म्हणजे जीवाशीच खेळ. पुढच्या १.२ मॉडेलमध्ये चष्मा वर उचलता येईल असा केला, ते आधीच करायला हवं होतं.

घाटरस्ता:
मला वाटतं डोळ्यांपेक्षा छाती बरी. अमेरिकन आर्मीच्याच नेट वॉरियर या प्रणालीत साधा अँड्रॉइड फोन छातीवर लावतात, त्याचं वायफाय नि सिम बंद, वायरने रेडिओला जोडलेला, हवं तेव्हा खाली पाडून बघायचं नाहीतर नजर समोर. त्याआधीचा लँड वॉरियर, म्हणजे अंगावर घालायचा संगणक-रेडिओ संच बघा, २००७ मध्ये कार्यक्रम बंद करायचं ठरलं तरी एक बटालियन तो घेऊन इराकला गेली. तिथे त्यांनी वजन कमी केलं, प्रत्येकाला न देता मुख्यतः तुकडीप्रमुखांना दिला, आणि तपासून झालेल्या घरांवर नकाशात खूण टाकायला लागले. मग तो खरंच आवडला त्यांना!! कोणाला काय द्यायचं हे लढणाऱ्यांनीच ठरवलं म्हणून जमलं.

रानपाखरू:
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आपल्याकडे काय?

सह्यकडा:
ऑगस्ट २०२२ ला राजनाथ सिंहांनी एफ-इन्सासचं, म्हणजे पायदळाच्या जवानाला आधुनिक करायच्या योजनेचं साहित्य लष्कराला दिलं, त्यात एके-२०३ रायफल, हेल्मेट, जॅकेट वगैरे. पण लडाखच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि जादा बॅटऱ्या जवानाच्याच पाठीवर येतात, त्यामुळे अशी कुठलीही वस्तू दिल्लीच्या प्रदर्शनात नाही तर तिथे वर, हातमोजे घालून, पूर्ण सामानासकट तपासली पाहिजे.