कासच्या तळ्यातलं पांढरं फूल कमळच आहे का?

शुभदा_पुणे
गेल्या रविवारी कासला जाऊन आलो. पठारावर तेरडा आणि सीतेची आसवं भरपूर होती, पण मन रमलं ते राजमार्गावरच्या तळ्यापाशी. अख्खं तळं पांढऱ्या फुलांनी भरलेलं! बरोबरचे सगळे कमळ म्हणत होते. फूल मात्र नाण्याएवढंच, मध्ये पिवळं आणि पाकळ्यांवर केसच केस. नेमकं काय आहे हे? घरी टबात लागेल का?

पाणवनस्पतीवाला
ताई, ती कुमुदिनी. शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका, कुळ मेनिअँथेसी. कमळाचं कुळ निराळं.

कमळाची पानं पाण्यावर उंच उभी राहतात आणि गोल पानाला कुठेही खाच नसते. हिची पानं तरंगतात आणि देठापाशी खाच असते. आता खाच पांढऱ्या कुमुदालाही (वॉटर लिलीलाही) असते, म्हणून फुलाचा देठ बघायचा. कुमुदाचं फूल स्वतंत्र लांब देठावर थेट तळातून वर येतं. कुमुदिनीच्या कळ्यांचा झुबका तरंगत्या पानाच्या अगदी खालून निघतो, जणू पानाच्या देठालाच कळ्या लागल्यात. त्यातलं एखाददुसरं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. मग देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली पिकतं. हे बघायला काठावर उकिडवं बसावं लागतं, पण जरूर बसा.

आणखी एक. काही रोपांच्या फुलांत कुक्षी (पराग झेलणारं टोक) उंच आणि पुंकेसर (पराग देणारे तंतू) आखूड, तर काहींत नेमकं उलट. बी चांगलं धरायला दोन्ही तऱ्हांची रोपं जवळपास लागतात.

रमेश_सातारा
पाकळीच्या मधोमध उभा पडदा असेल आणि फूल बारीक असेल, तर ती निम्फॉइडिस क्रिस्टाटा. तुमच्या वर्णनातले केस पाहता इंडिकाच.

शुभदा_पुणे
फोटो मोठा करून पाहिला, पडदा नाही, केसच आहेत. आणि टबाचं?

पाणवनस्पतीवाला
लागेल. हिला उथळ, संथ गोडं पाणी, खाली चिखल आणि भरपूर ऊन हवं. तळाशी शेतातली काळी माती घाला. रोप मात्र नर्सरीतूनच घ्या. कासमधून एक पानही उचलू नका. ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तसं नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. टबात फार पसरली तर जास्तीची रोपं ओढ्यात सोडू नका, वाळवून खतात घाला.