डावीकडची वाटी दिसत नाही, मग श्रीखंड कसं सुचलं?

कऱ्हाडची_सून

माझ्या सासऱ्यांना (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७४) दिवाळीनंतर स्ट्रोक आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी होती. डाव्या हाताची पकड कमी झाली, पाय आता बराच सुधारलाय, काठी घेऊन चालतात. बोलणं खणखणीत. दूधवाल्याचा हिशेब अजून तोंडी करतात.

पण ताटातली डावी बाजू जशीच्या तशी राहते. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, कशालाही हात लागत नाही. भाजी-आमटी संपते आणि वर मलाच विचारतात, "आज चटणी केली नाहीस का गं?" समोरच आहे म्हटलं तर उजवीकडेच शोधत राहतात. दाढी करतात तीही उजव्या गालाचीच. पेपर वाचताना "महाराष्ट्र"चं "राष्ट्र" होतं, मग बातमीला अर्थ लागत नाही म्हणून संपादकाला शिव्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, डोळ्यांत दोष नाही म्हणाले.

आता खरा प्रश्न. परवा पाडव्याला श्रीखंडाची वाटी डावीकडे ठेवली गेली. अण्णांनी शिवलीसुद्धा नाही. जेवण झाल्यावर विचारलं, काही गोड हवंय का, तर म्हणाले, "श्रीखंड असतं तर बहार आली असती." घरात श्रीखंड आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दीर म्हणतात नाटक करतात, सगळ्यांनी पुढेपुढे करावं म्हणून. नवरा म्हणतो डावीकडची नजर गेली. मला दोन्ही पटत नाही. दिसत नसेल तर श्रीखंड सुचलं कसं, आणि दिसत असेल तर खाल्लं का नाही?

निवृत्त_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते, नोकरी सगळी सरकारी वॉर्डात झाली. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

दिरांना आधी सांगा, हे नाटक नाही. आपल्याला काही कमी दिसतंय हेच अण्णांना कळत नाही, मग नाटक करणार कशाचं? याला नेग्लेक्ट म्हणतात, म्हणजे एका बाजूकडे लक्षच न जाणं. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर हे पुष्कळदा दिसतं, त्यातही पराइटल भाग (मेंदूचा वरचा, मागच्या बाजूचा भाग) आणि त्याच्या आसपास इजा झाली असेल तर जास्त. नवऱ्याचं म्हणणंही बरोबर नाही. ज्यांची डावीकडची नजर खरोखर जाते त्यांना बहुधा ते लवकर उमगतं, आणि ते मान वळवून बघायला शिकतात. अण्णा मान वळवत नाहीत, कारण वळवून बघावं असं तिकडे काही आहे हेच त्यांच्या खिजगणतीत नाही.

वॉर्डात आम्ही एक साधी तपासणी करायचो. रुग्णासमोर बसायचं, माझ्या नाकाकडे बघा म्हणायचं आणि दोन्ही हात बाजूंना पसरायचे. त्याच्या डावीकडचं बोट हलवलं, की "हललं". उजवीकडचं हलवलं, की "हललं". दोन्ही एकदम हलवली, की "उजवं". डोळा तोच, बोट तेच. एकटं असताना दिसणारं बोट, जोडीला दुसरं आलं की गायब. नातेवाईक शेजारी उभे असले तर मी मुद्दाम त्यांच्यासमोर करून दाखवायचे, त्यांचा रुग्णावरचा राग तिथेच निम्मा व्हायचा. म्हणजे डावीकडचं आत येतं. पण उजवीकडे काही असलं, की लक्ष तिकडे जाऊन चिकटतं आणि डावीकडचं मागे पडतं.

हा डोळ्यांचा मामला नाही याचा सगळ्यात सुंदर पुरावा इटलीतल्या मिलान शहराचा आहे. १९७८ मध्ये बिसिआक आणि लुत्साती यांनी तिथल्या दोन रुग्णांना सांगितलं, की शहरातला कॅथेड्रलसमोरचा मोठा चौक मनात आणा. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं? रुग्णांनी उजवीकडच्या इमारती धडाधड सांगितल्या, डावीकडच्या जवळजवळ वगळल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून चौकाकडे बघा. आता मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि मघाशी सांगितलेल्या गेल्या! समोर चौक नव्हताच, सगळं आठवणीतलं. आठवणीतल्या चित्राचीही डावी बाजू गळते.

आता तुमचं श्रीखंड. १९८८ मध्ये मार्शल आणि हॅलिगन या इंग्लंडमधल्या दोघांनी 'नेचर'मध्ये एका बाईंची गोष्ट छापली. त्यांनाही डावीकडचा नेग्लेक्ट होता. त्यांना एकाखाली एक अशी दोन घरांची चित्रं दाखवली. घरं सारखीच, फक्त एकाच्या डाव्या बाजूने लाल ज्वाळा निघताहेत. बाई म्हणाल्या, दोन्ही सारखीच आहेत. विचारलं, यातल्या कुठल्या घरात राहाल? त्यांना हा प्रश्नच खुळचट वाटला. तरी निवडायला लावलं तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी न जळणारं घर निवडलं.

त्याआधी १९७९ मध्ये व्होल्पे, लेडू आणि गॅझानिगा यांनी बोटांच्या तपासणीसारखाच प्रकार चित्रांवर केला होता. डावीकडे एक, उजवीकडे एक चित्र एकाच वेळी. डावीकडे काय होतं ते रुग्णांना सांगता येईना, पण दोन्ही चित्रं सारखी होती की वेगळी, हे ते बऱ्यापैकी बरोबर सांगत. डावीकडचं ओळखल्याशिवाय ही तुलना जमेल कशी? तेव्हा वस्तू ओळखण्याचं बरंचसं काम मेंदूत उरकलेलं असतं, फक्त "मला दिसलं" इथपर्यंत ते पोचत नाही.

शंकेखोर

ओटीताईंचं नेग्लेक्टबद्दलचं सगळं मान्य. श्रीखंडाचं मात्र नाही.

पाडव्याच्या दिवशी आपल्याकडे कुणालाही झोपेतून उठवून "गोड काय?" विचारलं तरी तो श्रीखंडच म्हणेल. शिवाय वेलची. वास काही ताटाची डावी-उजवी पाहून पसरत नाही. आणि वाटी ठेवताना अण्णांची मान क्षणभर तिकडे गेलीच नसेल हे कोण सांगणार?

मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून ही खोड. नकळत काम करणाऱ्या मनाच्या गोष्टी लोकांना फार आवडतात. १९५७ मध्ये अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरातवाल्याने उठवून दिलं, की सिनेमा चालू असताना डोळ्याला जाणवणार नाही इतका वेळ 'पॉपकॉर्न खा' असं झळकवलं आणि विक्री वाढली. १९६२ मध्ये त्यानेच कबुली दिली की हाताशी धड आकडेवारी नव्हती. पण किस्सा अजून वर्गावर्गात सांगितला जातो. जळत्या घरांचा प्रयोगही बिसिआक आणि रुस्कोनी यांनी १९९० मध्ये पुन्हा केला, तेव्हा काही रुग्णांनी चक्क जळतं घर पसंत केलं. म्हणजे डाव्या ज्वाळांचा काही तरी परिणाम होतो असं म्हणता येतं, पण आत बसलेलं कुणी तरी धोका ओळखून हळूच सल्ला देतंय, असं नाही.

दिरांसाठी मात्र एक गोष्ट आहे. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले, गाठी शोधा म्हणून. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठीच्या साधारण ४८ पट मोठा गोरिला चिकटवला होता. २० जणांना तो दिसला नाही. नजर टिपणाऱ्या यंत्रावर पाहिलं तर त्या २० पैकी निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट गोरिलावर पडलेली. हे धडधाकट मेंदूचे, त्याच कामाचा पगार घेणारे लोक.

ठाण्याचा_बाळ

माझ्या आईला हेच झालं होतं. वेणी घालायची ती उजव्या बाजूचे केस विंचरून. आम्ही वर्षभर "आई, नीट विंचर ना" म्हणून कटकट करत राहिलो, कुणी सांगितलंच नाही हे काय आहे. हे बरं होतं का हो?

कऱ्हाडची_सून

शंकेखोर, वेलची मी त्यांच्याच शेजारी बसून कुटली होती :) त्यामुळे तुमचा मुद्दा सपशेल मान्य. गोरिला दिरांना वाचून दाखवला, ते गप्प आहेत.

ओटीताई, मग आता करायचं काय? मी ताट अर्धं फिरवून देते, की चटणी उजवीकडे येते आणि अण्णा ती आवडीने खातात. चालेल का? आणि ऑनलाइन कसले तरी प्रिझमचे चष्मे दिसले, ते मागवू का? अजून एक, अण्णा हल्ली रोज स्कूटरची चावी मागतात. म्हणतात, "मला काय धाड भरलीय?"

निवृत्त_ओटी

शंकेखोरांची वेलची मलाही मान्य. तसंही घरी असल्या परीक्षा घेत बसू नका, माणूस चिडतो.

बाळ, पुष्कळांना पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत बराच फरक पडतो. काहींचं थोडं उरतं, विशेषतः थकल्यावर किंवा गर्दीत. आईंच्या बाबतीत कटकट करून उपयोग नव्हताच, "नीट बघ" म्हटल्याने लक्ष डावीकडे सरकत नाही.

ताट फिरवणं चालेल, पोट तरी भरतं. पण त्याने अण्णा डावीकडे बघायला शिकणार नाहीत. ताटाखालच्या ट्रेच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा. घास घेण्याआधी "लाल पट्टी शोधा" एवढंच सांगायचं. पेपरालाही तसंच: डाव्या समासात उभी लाल रेघ ओढा, प्रत्येक ओळ रेघेपासून सुरू करायची. "राष्ट्र"चं पुन्हा "महाराष्ट्र" होतं की नाही बघा. डाव्या हाताची बोटं थोडीफार हलतात ना? मग वाचताना ती डावीकडे ठेवून अधूनमधून हलवायला लावा, काही रुग्णांत त्याने लक्ष तिकडे ओढलं जातं.

बोलताना सुरुवात उजवीकडून करा, मग बोलत बोलत समोर या, मग डावीकडे. एकदम डावीकडून हाक मारली की ते बावचळतील. उकळता चहा डावीकडे कधीही नाही. झोपताना, खुर्चीत बसताना डावा हात अंगाखाली किंवा दांड्यात अडकलाय का हे तुम्ही पाहायचं, ते पाहणार नाहीत.

प्रिझमचं खूळ नाही, त्यामागे काम आहे. फ्रान्समध्ये लिओनला रोसेटी आणि मंडळींनी १९९८ मध्ये दाखवलं, की सगळं १० अंश उजवीकडे सरकवणारा चष्मा घालून रुग्णांकडून थोडा वेळ समोरच्या खुणांकडे बोट दाखवून घेतलं, तर चष्मा काढल्यावर हात डावीकडे झुकतो आणि नेग्लेक्टही काही तास कमी होतो. हातातला हा फरक रुग्णाला जाणवतही नाही. म्हणजे लक्ष जिथून ढळलंय तिथे शिरायला मागचं दार सापडलं, असं तेव्हा आम्हाला वाटलं होतं. नंतरच्या चाचण्यांचे निकाल मात्र संमिश्र आले. कुणाला फायदा, कुणाला काहीच नाही. नुसता चष्मा नाकावर ठेवून काही होत नाही, सराव नेमका करून घ्यावा लागतो. त्यामुळे ऑनलाइन मागवू नका, जवळच्या थेरपिस्टला किंवा तुमच्या न्यूरोलॉजिस्टला विचारा.

स्कूटर अजिबात नाही. डावीकडून येणारा ट्रक आणि डावीकडची चटणी यात अण्णांच्या मेंदूला सध्या फरक नाही. त्यांना पटवत बसू नका, पटणार नाही. डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर तसं सांगायला लावा आणि कागदावर लिहून घ्या. चावी घराबाहेर ठेवा. शेजाऱ्यांकडे दिलीत तरी हरकत नाही, पण शेजाऱ्यांना कारण सांगून ठेवा, नाहीतर अण्णा गोड बोलून घेऊन येतील.