मार्टिन बेनेटचा 'ग्रिट': आवाज पुढे की ठेका?

कोमल निषाद
स्कॉटलंडच्या मार्टिन बेनेटचा 'ग्रिट' (२००३) पुन्हा ऐकतोय. तिथल्या भटक्या समाजातल्या आणि गेलिक भाषेत गाणाऱ्या गायकांची जुनी ध्वनिमुद्रणं, त्याखाली क्लबमधले ठेके. अल्बम मला मनापासून आवडतो, पण ठेका आवाजावर चढून बसतो असं माझं ठाम मत आहे. ही मंडळी साथीशिवाय गाणारी. त्यांची लय श्वासावर चालते. एखाद्या शब्दावर रेंगाळायचं, पुढची ओळ पटकन उरकायची. संगणकाच्या ठोक्यात बसवताना नेमकं ते रेंगाळणंच कापलं जातं. पहिल्याच गाण्यात, 'मूव्ह'मध्ये, गायिका शीला स्टुअर्टच्या ओळींचे तुकडे फिरून फिरून येतात, खाली बास दणदणतो आणि गाण्यातली गोष्ट मागे पडते.

खर्ज
अजिबात पटलं नाही. लोकगीतकार युअन मॅकॉलचं ते गाणं आहेच भटक्यांना जागोजागी हुसकावण्याबद्दल, आणि शीला स्वतः स्कॉटलंडमधल्या ब्लेअरगौरीच्या भटक्या घराण्यातली. 'निघा इथून' हे आयुष्यभर ऐकलेल्या लोकांचं गाणं ते. तुकडे परत परत येणारच! ठोका पाठीशी लागतो म्हणून तर ते अंगावर येतं. आणि तिचा आवाज असा धारदार आहे की कुठलाही बास त्याला झाकू शकत नाही.

कोमल निषाद
धार मान्य. मग मऊ गळ्याच्या गायकांनी काय करायचं?

माजघर
त्यासाठी याच अल्बममधलं 'ब्लॅकबर्ड' ऐका. लिझी हिगिन्सच्या आवाजाला तिथे केवढी मोकळी जागा दिलीय! लिझी म्हणजे थोर बॅलड (गोष्ट सांगणारी लोकगीतं) गायिका जीनी रॉबर्टसनची मुलगी, वडील बॅगपाइप वाजवणारे. पाइपचा सूर मध्येच थांबवता येत नाही, म्हणून वादक दोन सुरांच्या मध्ये बारीकसा सूर झटकन लावून ते वेगळे करतो. लिझीच्या हरकती त्याच वळणाच्या. हेडफोन लावून ऐका, स्पष्ट कळतं. वाद्य तिच्या गळ्यातच आहे, त्यामुळे आवाज विरुद्ध वाद्य ही मांडणीच मला चुकीची वाटते.

खर्ज
आणखी एक. २००० मध्ये बेनेटला कर्करोगाचं निदान झालं. हा अल्बम करताना स्वतः पाइप किंवा व्हायोलिन वाजवण्याची ताकद राहिली नव्हती. २००५ मध्ये, ३३व्या वर्षी तो गेला. एवढा मोठा वादक असून त्याने दुसऱ्यांचे आवाज पुढे आणले, हेही बघा.

कोमल निषाद
त्याच्या आजारपणाबद्दल वाईट वाटतंच, पण मिक्सचा, म्हणजे आवाज आणि ठेका कसे मिसळलेत याचा, निवाडा कानानेच व्हायला हवा. 'ब्लॅकबर्ड'पुरतं माजघर यांचं म्हणणं मान्य. 'मूव्ह'बद्दल नाही. २०१५ मध्ये ग्लासगोच्या 'सेल्टिक कनेक्शन्स' संगीत महोत्सवात संगीतकार ग्रेग लॉसनने हाच अल्बम मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधला. वाजवणारी माणसं समोर असली की गाणाऱ्यासाठी क्षणभर थांबता येतं. शीलासाठी मूळ मिक्समध्ये तेवढं थांबायला हवं होतं, एवढंच मागणं आहे.