मदत हवी आहे: आजोबा आणि त्यांच्या कोर्समेट्सच्या एनडीएच्या आठवणी नीट कशा जपायच्या?

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा १९५३ साली देहरादूनजवळ क्लेमेंट टाउनला जॉइंट सर्व्हिसेस विंगमध्ये (तिन्ही दलांच्या होऊ घातलेल्या अधिकाऱ्यांचं एकत्र प्रशिक्षण) कॅडेट म्हणून गेले, आणि त्यांचं ट्रेनिंग अर्ध्यावर असतानाच ती सगळी संस्था खडकवासल्याला आली, म्हणजे आज आपण जिला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) म्हणतो ती. दोन्हीकडे राहिलेली ही मोजकी मुलं. आजोबा आता नव्वदीला आलेत, ऐकू कमी येतं पण डोकं लख्ख आहे. पुण्यात त्यांचे थोडे कोर्समेट अजून आहेत, अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमतात, मी त्यांना गाडीने सोडायला जाते आणि मग तिथेच बसून ऐकत राहते, आणि दर वेळी वाटतं की हे सगळं आत्ताच्या आत्ता नोंदवून ठेवायला हवं.

मोठा इतिहास सगळीकडे मिळतो. नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ ला पायाभरणी केली, १६ जानेवारी १९५५ ला उद्घाटन झालं, आणि १९४९ च्या पहिल्याच कोर्सचे तिघेजण, जनरल रॉड्रिग्ज, अ‍ॅडमिरल रामदास आणि एअर चीफ मार्शल सुरी, १९९१ मध्ये एकाच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख होते. मला यातलं काही परत लिहायचं नाहीये. रॉड्रिग्ज २०२२ ला गेले, रामदास २०२४ ला, त्यांच्यावर लेख आले, येणारच. पण ज्या मुलांच्या नावाने कधी लेख येणार नाही त्यांचं काय? मराठी शाळेतून थेट तिथे गेलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पहिल्या रात्री मेसमध्ये काटे-चमचे बघून काय करत होता, बराकीत थंडीत अंघोळीच्या पाण्याचं काय व्हायचं, सीनियर रगडा (शिक्षा म्हणून दमवणं) द्यायचे तेव्हा कोण रडायचं आणि रात्री त्याच्याजवळ कोण जाऊन बसायचं, खडकवासल्याला आल्यावर नव्याकोऱ्या इमारती आणि सगळीकडे धूळ, घरी आईला पत्रात यातलं काय लिहायचं आणि काय अजिबात नाही. हे फक्त या लोकांच्या डोक्यात आहे, आणि माझ्या मते संस्थेचा खरा इतिहास तोच आहे. आजोबा युद्धावर फार बोलत नाहीत, पण त्या तीन वर्षांवर तासनतास बोलतात.

घरात काय आहे तर काळ्या पानांचा एक अल्बम, त्यातले काही फोटो कोपऱ्यात अडकवलेले आणि काही चक्क डिंकाने चिकटवलेले, पणजीने जपून ठेवलेली निळी आंतर्देशीय पत्रं (मराठीत, पेनाची शाई फिकट व्हायला लागलीय) आणि स्क्वाड्रनचे (कॅडेट्सच्या तुकडीचे) ग्रुप फोटो, ज्यात निम्म्या लोकांची नावं आजोबांनाही आठवत नाहीत.

माझे प्रश्न असे. रेकॉर्डिंग फोनवर केलं तर चालेल का वेगळा रेकॉर्डर घ्यावा? चिकटवलेले फोटो काढावेत का? दोघांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला (नेहमी होतं, कोणाला रिलेगेट केलं, म्हणजे मागच्या कोर्समध्ये ढकललं, यावर अजून वाद चालतात) तर कुठला धरायचा? आणि शेवटी हे सगळं द्यायचं कुणाला, कारण माझ्या हार्डडिस्कवर ठेवलं तर ते माझ्याबरोबरच जाईल. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

– कोथरूडची नात

प्रतिसाद: जुनी पाटी

फार महत्त्वाचं काम आहे, मनापासून शुभेच्छा. मी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं असं रेकॉर्डिंग केलंय त्या अनुभवावरून सांगतो. फोन चालतो पण एक साधा कॉलर माइक घ्याच, पंखा बंद करा, आणि शक्य असेल तर वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवलेली) ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून इकडेतिकडे पाठवलेली मूळ प्रत म्हणून नको. एका बैठकीत तासाच्या वर जाऊ नका, ही मंडळी दमतात आणि दमले की थोडक्यात उरकतात. "कसे होते ते दिवस" असं विचारू नका, त्याला भाषण मिळतं. "सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचात" असं विचारा आणि तिथून झोपेपर्यंत घेऊन जा. हातात फोटो द्या, बोलणं आपोआप सुरू होतं. सुरुवातीला आणि शेवटी नाव, कोर्स, स्क्वाड्रन, तारीख मोठ्याने बोलून घ्या.

चिकटवलेले फोटो अजिबात ओढू नका! आधी आख्खं पान जसंच्या तसं स्कॅन करा, मग एकेक फोटो ६०० डीपीआयला (बारकावे दिसतील इतकं स्पष्ट) टिफ फाइलमध्ये. सुटे असतील त्यांची मागची बाजूही स्कॅन करा, पेन्सिलीने लिहिलेलं खूप असतं. ग्रुप फोटोची मोठी प्रिंट काढून प्रत्येक चेहऱ्याला नंबर द्या आणि ती प्रिंट प्रत्येक कोर्समेटकडे वेगवेगळी फिरवा, एकत्र बसवलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच नाव लागतं.

दोन वेगळ्या आठवणी असतील तर दोन्ही ठेवा, कोणी कधी सांगितली ते लिहून. निवाडा करू नका.

प्रतिसाद: तळ्याकाठचा

फोटोंवर तारखा नसतील तर एक सोपी खूण आहे. सुदान ब्लॉकचं, म्हणजे एनडीएच्या घुमटाच्या मुख्य इमारतीचं, उद्घाटन ३० मे १९५९ चं. सुदान सरकारने दुसऱ्या महायुद्धात तिकडे लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ एक लाख पौंड दिले होते, त्यातला भारताच्या वाट्याचा पैसा या इमारतीला लागला. तर घुमट पुरा दिसत असेल तो फोटो बहुधा तुमच्या आजोबांच्या काळातला नाही, नंतर कधी भेटीला गेले असतील तेव्हाचा.

आणि एक विनंती. आम्ही एनडीएशेजारच्या कोंढवे धावड्याचे, आमच्या घरातले दोघं तिथे मेसमध्ये आणि लाँड्रीत नोकरीला होते. एनडीए यायच्या आधी तळ्याकाठी इंग्रजांनी सैनिकांना किनाऱ्यावर उतरायचा सराव द्यायला एक लुटुपुटूचं जहाज उभं केलं होतं, एचएमएस अँगोस्टुरा, त्याच्या गोष्टी आमचे पणजोबा सांगायचे, त्या कुणी लिहून घेतल्या नाहीत आणि आता कोणी उरलं नाही. आजोबांना वेटर, न्हावी, धोबी, सायकली दुरुस्त करणारे यांच्याबद्दलही विचाराल का? नावं आठवली तर नावासकट.

प्रतिसाद: मीनाक्षी ताई

लेखी संमती घे गं, ती राहून जाते आणि नंतर मुलं-नातवंडं आक्षेप घेतात. एका कागदावर: काय सगळ्यांना ऐकवायचं, काय फक्त घरच्यांना, काय आपण गेल्यावरच. रगड्याच्या गोष्टीत हयात माणसांची नावं येतात, तिथे जास्त जपून. पत्रं सपाट करून अ‍ॅसिड नसलेल्या कागदात ठेव, लॅमिनेशन मुळीच नको, सेलोटेप पण नको. द्यायचं म्हणशील तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार खासगी कागदपत्रं घेतं, एनडीएलाही पत्र लिहून विचार, पण आधी यादी कर. यादी नसलेली पेटी कुठेही नुसती पडून राहते. आणि तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात.

कोथरूडची नात

सगळ्यांचे खूप आभार. तळ्याकाठचा, तुमचं वाचून आजोबांना लगेच विचारलं तर त्यांनी स्क्वाड्रनच्या ऑर्डर्लीचं (मुलांची कामं करणाऱ्या सेवकाचं) नाव, गाव आणि तो कुठल्या मुलाची कुठली खोड लपवायचा हे सगळं सांगितलं, म्हणजे प्रश्नच कुणी विचारला नव्हता. ते सगळं तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. येत्या रविवारी पहिली बैठक ठेवलीय, आधी एकट्या आजोबांबरोबर, पुढच्या वेळी एकेक कोर्समेट, संमतीपत्र मराठी आणि इंग्रजी दोन्हीत करतेय, झालं की इथेच टाकते म्हणजे कुणालाही वापरता येईल. तुमच्या घरात १९४९ ते १९५६ मधलं कुणी क्लेमेंट टाउन किंवा खडकवासल्याला कॅडेट, शिक्षक किंवा कामगार म्हणून असेल तर प्लीज व्यनि करा, पुण्यात मी घरी येऊन स्कॅन करून देईन, मूळ फोटो तुमच्या घरातून बाहेर न्यायची गरज नाही.